काचेवर पडणारं पाणी : हिवाळ्यात वॉशरच्या टाकीत काय असावं?

(मंडळाच्या शनिवारच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि वक्त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर इथल्याच एका गृहस्थांनी मला विचारलं, "सर, तासभर बोलण्यासारखं काय आहे त्यात? काच धुवायला पाणीच तर भरायचं असतं." मी म्हटलं, तुमचं हे जे शेवटचं वाक्य आहे ना, त्याच्यावरच मी बोलणार आहे. कारण तेच वाक्य मीही म्हटलं होतं आणि ते मला फार महागात पडलं असतं.

माझी ओळख करून देताना सांगितलंच की मी पुण्यात ३१ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं हिवाळ्यात इकडे बे एरियात मुलीकडे येतो. पहिल्याच वर्षी जानेवारीत ठरलं की नातीला बर्फ दाखवायला टाहोला जायचं. तुमच्यापैकी निम्मे लोक दरवर्षी जात असाल. आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, वॉशरचं पाणी संपलंय, तेवढं भराल का?" मी जवळच्या दुकानात गेलो. निळ्या पाण्याच्या बाटल्यांची रांग होती. एकीवर मोठा ३२ आकडा दिसला. माझ्या मनात आलं, म्हणजे उणे ३२ पर्यंत गोठत नसणार. उत्तम. आणली आणि भरली.

मंडळी, तो आकडा उणे ३२ नव्हता. तो नुसता ३२ होता, आणि अंश फॅरनहाइट होते. ३२ अंश फॅरनहाइट म्हणजे शून्य अंश सेल्सिअस. म्हणजे ती बाटली मला प्रामाणिकपणे सांगत होती की, "मी पाण्यासारखीच गोठते." आणि आयुष्यभर मुलांना 'एकक लिहा, नाहीतर अर्धा गुण कापीन' म्हणणाऱ्या माणसाने ना चिन्ह बघितलं, ना एकक.

दुसऱ्या दिवशी आम्ही आय-८० वरून डॉनरच्या घाटमाथ्याकडे चढत होतो. बाहेर उणे ६ अंश. रस्ता साफ केलेला, पण कडेला बर्फ, मीठ, वाळू यांचा काळपट चिखल. शेजारून एक ट्रक गेला आणि तो सगळा राडा आमच्या काचेवर आला. मुलीने सवयीने दांडी ओढली. पाणी आलं. वायपर एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला, आणि समोरची अख्खी काच पांढरी झाली. दुधी काच असते ना बाथरूमच्या खिडकीला, तशी. तिने पुन्हा दांडी ओढली, तर या वेळी पाणीच आलं नाही. काचेच्या तळाशी हाताच्या पंजाएवढी जागा मोकळी राहिली होती. तिच्यातून वाकून बघत तिने गाडी कडेला घेतली. सगळे मिळून आठ सेकंद गेले असतील. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर धरला तर सेकंदाला २० मीटर होतात. म्हणजे १६० मीटर आम्ही जवळजवळ आंधळे चाललो होतो. मागच्या सीटवर नात होती.

पाणी भरलं मी आणि आंधळी झाली ती. म्हणून या विषयावर तासभर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

थंडीत पाणी का गोठतं आणि मीठ टाकल्यावर का गोठत नाही

आता थोडं रसायनशास्त्र. घाबरू नका, फळ्यावर काही लिहीत नाही.

पाणी गोठतं म्हणजे काय होतं? एका पंगतीची कल्पना करा. द्रव पाण्याचे रेणू म्हणजे मांडवात हिंडणारी माणसं आणि बर्फ म्हणजे रांगेत बसलेली पंगत. कडेची माणसं सतत उठत असतात आणि नवी बसत असतात. शून्य अंशाला जितके उठतात तितकेच बसतात. त्याच्याखाली तापमान गेलं की उठणारे कमी होतात, पंगत वाढत जाते, म्हणजेच बर्फ जमतो.

आता मांडवात अशी माणसं घुसवा, जी पंगतीत बसतच नाहीत, नुसती मधेमधे उभी राहतात. पंगतीतून उठणारे तितकेच राहतात, पण बसायला येणाऱ्यांची वाट अडते. पंगत मोडायला लागते, बर्फ वितळायला लागतो. पुन्हा तोल साधायचा तर उठणाऱ्यांची संख्या कमी करावी लागेल, म्हणजे थंडी आणखी वाढवावी लागेल. यालाच आम्ही गोठणबिंदूचं अवनमन म्हणतो.

लहानपणी घरी पॉटमधलं आइस्क्रीम केलं असेल. लाकडी पीप, मधे डबा, भोवती बर्फ आणि त्यावर खडेमीठ. मीठ कशाला? तर हेच. मिठामुळे बर्फ वितळतो आणि वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. ते मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं आणि तरी द्रव राहतं. इथे रस्त्यावर मीठ टाकतात तेही याच कारणासाठी.

यात गंमत अशी की, मांडवात घुसलेली माणसं कोण आहेत याला फारसं महत्त्व नाही, ती किती आहेत याला आहे. १ किलो पाण्यात १ मोल कण विरघळले की गोठणबिंदू साधारण १.८६ अंशांनी उतरतो. मोल म्हणजे कण मोजायचं माप, जसं डझन. आता उणे १८ अंशापर्यंत न गोठणारं पाणी हवं असेल तर किलोला साधारण ९.७ मोल लागतील. मेथॅनॉल घेतलं तर ते ३१० ग्रॅम होतं. इथेनॉल घेतलं तर ४४५ ग्रॅम. कूलंटमध्ये असतं ते ग्लायकॉल घेतलं तर ६०० ग्रॅम. हा हिशोब ढोबळ आहे, पण मुद्दा लक्षात येईल. मेथॅनॉलचा रेणू सगळ्यांत हलका, म्हणून कमी वजनात जास्त कण मिळतात. शिवाय ते स्वस्तही आहे. अमेरिकेतल्या बहुतेक निळ्या पाण्यात मेथॅनॉलच असतं ते यामुळे.

मग मीठच का नाही टाकत? तेही स्वस्त आहे. तर वॉशरच्या पाण्याला नुसतं न गोठून भागत नाही. काचेवरून उडून गेल्यावर मागे काही ठेवायचं नाही, ही त्याची दुसरी अट. मीठ वाळलं की पांढरा थर उरतो आणि पत्रा गंजतो. साखर टाकाल तर काच चिकट होईल. अल्कोहोल मात्र काम करून निघून जातं. पाहुण्याने असं असावं.

टाकीतली थंडी वेगळी, काचेवरची वेगळी

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तुम्ही म्हणाल, सर, तुमची बाटलीच चुकीची होती, बरोबर बाटली आणली की प्रश्न मिटला. तर तसं नाही.

वॉशरचं पाणी दोन ठिकाणी गोठू शकतं. पहिलं म्हणजे टाकीत, नळीत आणि नोझलमध्ये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर तिला तडा जाऊ शकतो, नळ्यांचे जोड निसटू शकतात. पंप म्हणजे एक छोटी विजेची मोटर आणि प्लास्टिकचं चक्र. चक्राभोवती बर्फ असताना दांडी ओढली तर मोटर फिरत नाही, जास्त वीज ओढते, मग फ्यूज उडतो, नाहीतर मोटरच जळते. म्हणून पाणी येत नसेल तर पुन्हा पुन्हा दांडी ओढू नये. मी मुलीला मागून "अजून एकदा बघ, अजून एकदा बघ" म्हणत होतो. ते चूक होतं.

पण हे सगळं खर्चाचं नुकसान झालं. जिवावरचं नुकसान दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि ते म्हणजे काच. आमच्या टाकीतलं पाणी गोठलेलं नव्हतं. इंजिनच्या उबेने ते द्रव होतं, म्हणून तर बाहेर आलं. गोठलं ते काचेवर आल्यावर.

इंजेक्शनच्या आधी नर्स दंडाला स्पिरिटचा बोळा लावते तेव्हा गार लागतं. स्पिरिट काही फ्रिजमधलं नसतं. ते उडून जाताना तुमच्या कातडीची उष्णता घेऊन जातं, म्हणून गार वाटतं. काचेवर हेच होतं. पाण्याचा पातळ थर, त्यावर ताशी ७०-१०० किलोमीटरचा वारा. अल्कोहोल झपाट्याने उडतं आणि काचेला आणखी थंड करतं. ही झाली एक गोष्ट.

दुसरी त्याहून वाईट. मेथॅनॉल ६५ अंशाला उकळतं, पाणी १०० ला. म्हणजे दोघांतलं उडायला उतावीळ कोण? मेथॅनॉल. ते आधी निघून जातं आणि मागे पाणी राहतं. पंगत अडवायला घुसलेली माणसं मांडव सोडून गेली, आता पंगत बसायला मोकळी. टाकीत उणे १८ पर्यंत तग धरणारं मिश्रण काचेवर पसरल्यावर त्याच्या बरंच वरच्या तापमानाला गोठू शकतं, ते असं.

म्हणून बाटलीवरचा आकडा हा टाकीचा आकडा आहे, काचेचा नाही. बाहेर जितकी थंडी अपेक्षित आहे, त्याच्या निदान १०-१५ अंश सेल्सिअस खालची बाटली घ्यावी. आणि पाणी मारायच्या आधी काच आतून गरम असावी. आमच्या गाडीत हीटरची हवा पायांकडे वळवलेली होती, कारण आजीचे पाय गारठले होते. काच बर्फासारखी थंड होती. गरम हवेचा झोत आधीपासून काचेवर असता, तर तेच पाणी इतक्या लवकर गोठलं नसतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. पुष्कळांना वाटतं की वाऱ्याने पाणी हवेपेक्षाही थंड होतं, 'विंड चिल' म्हणतात ते. नुसत्या वाऱ्याने कोरडी वस्तू हवेपेक्षा थंड होत नाही, फक्त लवकर थंड होते. आपल्या अंगाला बोचतं, कारण आपलं अंग गरम असतं आणि वारा ती ऊब भराभर नेतो. पण वस्तू ओली असेल तर मात्र बाष्पीभवनामुळे ती हवेपेक्षाही खाली जाते. नोझलचं तोंड नेमकं ओलं असतं आणि वाऱ्यात असतं. म्हणून पाणी आधी तिथे अडतं.

कॅलिफोर्नियाची खास भानगड

आता तुम्ही विचाराल, की दुकानदार ३२ अंशाची बाटली विकतोच कशाला? याला एक कारण आहे, आणि ते चांगलं कारण आहे.

अल्कोहोल हवेत उडतं, आणि हवेतल्या अशा वाफा, गाड्यांचा धूर आणि ऊन यांच्यातून जमिनीलगत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. म्हणून कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने वॉशरच्या पाण्यातल्या अशा उडणाऱ्या पदार्थांवर मर्यादा घातली. राज्याच्या बहुतेक भागांत ती वजनाच्या १ टक्का आहे. १ टक्का मेथॅनॉलने गोठणबिंदू किती उतरतो? हिशोब करा, जेमतेम अर्धा-पाऊण अंश. म्हणजे ते व्यवहारात पाणीच. टाहो आणि इतर डोंगराळ भागांत मात्र मर्यादा पुष्कळ सैल आहे, कारण तिथे खरोखर गरज आहे.

म्हणजे सॅन होजेत किंवा फ्रीमाँटमध्ये कपाटावरून सहज उचललेली बाटली ही सॅन होजे-फ्रीमाँटसाठी अगदी बरोबर आहे. ती चुकीची होते ती आपण चार तास गाडी चालवल्यावर. डॉनरचा आय-८० वरचा माथा साधारण २,२०० मीटरवर आहे. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते असं धरलं, तर खाडीकाठी ८ अंशांची सकाळ माथ्यावर उणे ६ होते. आमचं तंतोतंत तेच झालं होतं. गाडी हिवाळ्यात पोचली, पण टाकीतलं पाणी आपल्या गावचंच राहिलं होतं.

मला वाटतं, आपल्या लोकांच्या बाबतीत हा धोका जरा जास्त आहे. आपण मोठे झालो तिथे हा प्रश्नच नाही. पुण्यात पेट्रोल पंपावरचा मुलगा नळाचं पाणी भरतो आणि वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. 'पाणीच तर आहे' हे वाक्य तिथे खरं असतं. आपण ते सामानाबरोबर इथे घेऊन येतो. शिकागो, टोरांटोला राहणाऱ्यांना पहिल्याच हिवाळ्यात धडा मिळतो. आपण इथे उबेत राहतो आणि वर्षातून दोनदा बर्फ बघायला जातो, त्यामुळे धडा मिळतो तो घाटात मिळतो.

झाकण चुकलं तर

चुकीच्या बाटलीपेक्षाही धोक्याची एक चूक आहे, ती म्हणजे चुकीचं झाकण. बॉनेट उघडलं की दोन-तीन प्लास्टिकच्या टाक्या दिसतात. वॉशरच्या झाकणावर काचेचं आणि पाण्याच्या फवाऱ्याचं चित्र असतं. कूलंटच्या झाकणावर गरम असताना उघडू नका अशी सूचना किंवा तापमापीचं चित्र असतं. चित्र बघितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

वॉशरच्या टाकीत कूलंट गेलं तर? ग्लायकॉल उकळतं १९७ अंशाला. म्हणजे ते काचेवरून उडतच नाही. तेलकट थर पसरतो आणि समोरून दिव्यांचा झोत आला की सगळी काच चमकते. काही लोकांना वाटतं की अँटीफ्रीझ म्हणजे न गोठणारं, तेव्हा थंडीत हेच टाकावं. नाव तसं आहे खरं, पण काम वेगळं आहे.

उलट, कूलंटच्या टाकीत वॉशरचं पाणी गेलं तर इंजिन चालूच करू नये. मेथॅनॉल लवकर उकळतं, आणि त्यात इंजिनच्या धातूंना गंजण्यापासून वाचवणारे पदार्थही नसतात. ब्रेक ऑइलच्या डबीत गेलं तर गाडी एक इंचही हलवायची नाही, सरळ मेकॅनिकला बोलवायचं. तिथे प्रश्न थांबण्याचा आहे.

निळ्या पाण्याचं विष

आता जे सांगतो ते जरा गंभीर आहे.

२०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मेथॅनॉल होतं. तेच मेथॅनॉल तुमच्या गॅरेजमधल्या निळ्या बाटलीत आहे, चांगलं २५-३० टक्के. शरीरात गेल्यावर त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड होतं. ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालतं. माणूस वाचला तरी दृष्टी जाऊ शकते. सुरुवातीला काही तास विशेष लक्षणं दिसत नाहीत, हा त्यातला सगळ्यांत फसवा भाग. वेळेत दवाखान्यात पोचलं तर उतारा आहे. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही.

युरोपीय संघाने २०१८ च्या नियमाने सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या वॉशरच्या पाण्यात मेथॅनॉल ०.६ टक्क्यापेक्षा कमीच असलं पाहिजे असं ठरवलं. तिथे मुख्यतः इथेनॉल वापरतात. अमेरिकेत मेथॅनॉल चालतं. तेव्हा ही बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आणि कृपा करून उरलेलं निळं पाणी पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. आपल्याकडे रिकामी बाटली न टाकायची सवय असते. ती सवय चांगली आहे, पण इथे नको. कूलंटमधलं ग्लायकॉल तर चवीला गोड असतं आणि तेही विषारी आहे. जमिनीवर सांडलेलं कुत्री चाटतात. सांडलं तर लगेच पुसा.

मग करायचं काय?

थोडक्यात सांगतो.

निघायच्या आदल्या आठवड्यात टाकी तपासा. आत उन्हाळ्याचं पाणी असेल तर नुसती वर भर घालू नका. अर्धी टाकी ३२ अंशवाली आणि अर्धी उणे २९ सेल्सिअसवाली असं मिसळलं तर ते उणे १२ च्या आसपास येतं, उणे २९ ला नाही. जुनं फवारून संपवा, मग नवं भरा. भरल्यावर पुन्हा थोडं फवारा, म्हणजे नळीत अडकलेलं जुनंही निघून जाईल. ही शेवटची पायरी सगळे विसरतात.

बाटलीवर तीन गोष्टी वाचा : चिन्ह, आकडा, एकक. शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सिअस. उणे २० फॅरनहाइट म्हणजे उणे २९. खाडीकाठच्या दुकानात न गोठणारं मिळालं नाही, तर वाटेत डोंगर सुरू झाल्यावरच्या गावात थांबून घ्या. पण टाकी रिकामी करून जा, नाहीतर तिथे भरायला जागाच नसेल.

घाटात काचेवर गरम हवा चालू ठेवा. काच गरम झाल्याशिवाय फवारा मारू नका. आणि एवढं करूनही काच पांढरी झालीच, तर वायपर चालू ठेवा, हवा पूर्ण गरम करून काचेवर घ्या, धोक्याचे दिवे लावा, वेग हळूहळू कमी करा. एकदम ब्रेक मारू नका, मागच्याला तुम्ही काय बघताय ते माहीत नसतं.

ही काच पुसायची भानगड मुळात थंडीनेच सुरू झाली. अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाई न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांनी हिवाळ्यात ट्रामचालकाचे हाल बघितले. समोरचं दिसावं म्हणून त्याला गारठ्यात काच उघडावी लागत होती. त्यातून त्यांनी आतून दांडीने फिरवायचा रबरी पट्टीचा वायपर तयार केला. १९०३ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. म्हणजे सव्वाशे वर्षं होत आली, प्रश्न तोच आहे, की चालवणाऱ्याला समोरचं दिसलं पाहिजे. वायपर आले, पंप आले, बटणं आली. टाकीत काय ओतायचं तेवढं मात्र अजून आपल्याच हातात आहे.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : पाणी गोठलेलं असेल तर काचेवर गरम पाणी ओतलं तर चालेल का?

नाही. गार काचेवर उकळतं पाणी पडलं की एक भाग एकदम प्रसरण पावतो, बाकीचा नाही, आणि काच तडकू शकते. आधीच बारीक खडा लागलेला असेल तर नक्कीच धोका. शिवाय ओतलेलं पाणी थोड्या वेळाने स्वतःच गोठतं. गाडी उबदार गॅरेजमध्ये किंवा उन्हात काही तास ठेवा, विरघळलं की फवारून बाहेर काढा आणि योग्य ते भरा.

प्रश्न : घरातलं काही टाकता येईल का? व्हिनेगर, भांड्याचा साबण, हँड सॅनिटायझर?

व्हिनेगरमध्ये मुख्यतः पाणीच असतं, त्यामुळे गोठणं फारसं टळत नाही. भांड्याच्या साबणाचा फेस होतो आणि काचेवर थर राहतो. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं हे खरं, पण त्यात घट्टपणा आणणारे पदार्थही असतात, ते नोझल बुजवतील. स्वयंपाकघरातले प्रयोग स्वयंपाकघरातच बरे.

प्रश्न : मग पुण्यात नुसतं पाणी भरायला हरकत नाही ना?

गोठण्याच्या दृष्टीने हरकत नाही. पण दोन गोष्टी सांगतो. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार नोझलच्या बारीक भोकात साठतात. आणि दुसरी जास्त महत्त्वाची. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की टाकीत नुसतं पाणी वापरणाऱ्यांना लिजनेला जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका जास्त होता. उबदार, साठलेलं पाणी या जिवाणूला मानवतं आणि फवाऱ्यातून ते श्वासात जाऊ शकतं. म्हणून उष्ण हवेतही वॉशरसाठी मिळणारं द्रावण पाण्यात मिसळलेलं बरं.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही भारतात जाणार आहोत, मुलांना घेऊन मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलला. तिथेही हेच?

अगदी हेच. बोगदाच ३,००० मीटरच्या वर आहे. गाडी भाड्याची घेणार असाल तर ती खालून, मैदानातून आलेली असण्याची शक्यता आहे. चालकाला विचारा, "दादा, वॉशरमध्ये काय भरलंय?" तो म्हणेल, "पाणी." मग काय करायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.

प्रश्न : सर, त्या दिवशी मग टाहोला पोचलात का?

(हसून) पोचलो. पुढच्या गावात थांबलो, दोन तास गाडी उबेला ठेवली, सगळं बदललं. नातीने बर्फ बघितला. मुलगी मला काही बोलली नाही. पण आता आमच्याकडे नियम असा झालाय की मी बाटली आणली की नात आधी ती वाचते, मोठ्याने. चिन्ह, आकडा, एकक. आणि मग मला भरायची परवानगी मिळते.